पाळण्यातल्या प्रवाशाची परवानगी

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मुलींनीही सोडलेली नाही. माझी धाकटी बहीण त्याच रीतीने सातव्या महिन्यात न्यू जर्सीहून पुण्याला आली. तिचा पासपोर्ट भारतीय, नवऱ्याचा अमेरिकन. मुलगी पुण्यात जन्मली आणि मायलेकींना परत पाठवण्याची कागदपत्रांची बाजू माझ्याकडे आली. बहीण ओली बाळंतीण, आई-वडील थकलेले आणि मेहुण्यांची रजा तुटपुंजी. त्या निमित्ताने हे सगळं काम जवळून पाहिलं. जन्माने भारतीय असलेलं मूल दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतं, तेव्हा त्याला भारतातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागते. एक्झिट परमिट म्हणतात तिला. पुष्कळ घरांत ही गोष्ट तिकीट काढून झाल्यावर कळते.

ही परवानगी का लागते, ते आधी सांगते. नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यातल्या कलम ३ प्रमाणे ३ डिसेंबर २००४ पासून पुढे भारतात जन्मलेलं मूल भारतीय ठरायचं, तर आई-वडील दोघंही भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आमची भाची आईकडून भारतीय. अमेरिकेचा कायदा तिला वडिलांकडून लागू होतो. आई-वडील विवाहित असतील, त्यातला एकच अमेरिकन असेल आणि त्याने बाळाच्या जन्माआधी किमान पाच वर्षं अमेरिकेत काढली असतील, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, तर परदेशात जन्मलेलं मूलही जन्मापासून अमेरिकन नागरिक असतं.

आमच्या ओळखीतल्या अनेकांनी सुचवलं, की बाळाचा भारतीय पासपोर्ट काढा आणि त्यावर व्हिसा घ्या, झालं काम. तसं होत नाही. जे मूल कायद्याने अमेरिकन आहे त्याला अमेरिकेचा व्हिसा देत नाहीत; अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत शिरायचं ते अमेरिकन पासपोर्टवरच. इकडे भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे दोन पासपोर्ट बाळगायचा प्रश्नच येत नाही. एकदा अमेरिकन पासपोर्ट हाती आला, की इथल्या इमिग्रेशनच्या लेखी ते मूल परदेशी. परदेशी माणूस देश सोडताना अधिकारी त्याचा व्हिसा आणि भारतात आल्याचा शिक्का बघतो. जी बाहेरून आलीच नाही, इथेच जन्मली, तिच्या पासपोर्टवर यातलं काहीच नसतं. ती उणीव एक्झिट परमिट भरून काढतं.

हे काम सुरू होतं प्रसूतीच्या दवाखान्यात. जन्माची माहिती दवाखाना महापालिकेला कळवतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे त्यासाठी एकवीस दिवसांची मुदत असते. त्या नोंदीवरून जन्मदाखला तयार होतो आणि पुढचं प्रत्येक कार्यालय तो दाखला पासपोर्टशी ताडून पाहतं. बहिणीने लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललेलं नव्हतं. दवाखान्यातली फाइल मात्र आईने उघडली होती आणि आईने कौतुकाने लेकीचं सासरचं नाव घातलं होतं. नोंदणीचा अर्ज भरायला बसलेल्या बाईंनी सहज विचारलं, "ताई, फाइलला सासरचं आडनाव आहे. तेच टाकू ना?" मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी फाइलवरचं नाव दुरुस्त करून डॉक्टरांची सही घेतली आणि मग अर्जात आईचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलं. दहा मिनिटांचं काम. हीच दुरुस्ती दाखला निघाल्यावर करायची झाली, तर प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि खेटे आले.

पहिल्या दाखल्यावर बाळाचं नाव नसलं तरी चालतं. नाव नंतर घालता येतं. आपल्याकडे नाव ठरतं बारशाला. आत्याने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटून झाल्या, की ते नाव घेऊन महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जायचं. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो आणि खरी कसोटी इंग्रजीत असते. भाचीच्या नावात दीर्घ 'ई' आहे. इंग्रजीत तो 'आय'ने लिहायचा की 'डबल ई'ने? मधे वडिलांचं नाव घालायचं की नाही? महाराष्ट्रात आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सरळ लिहून टाकतो. अमेरिकन पासपोर्टवर मधलं नाव दिलं तर ते कायमचं चिकटतं, आणि दाखल्यावर असून पासपोर्टवर नसलं तर शंकेला जागा राहते. आम्ही दोन्हीकडच्या मंडळींना विचारून एक स्पेलिंग कागदावर लिहून ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच वापरलं. संगणकावरच्या कर्मचाऱ्याने नोंद पक्की करण्याआधी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "एकेक अक्षर वाचा. एकदा सेव्ह केलं की मग अर्ज करावा लागेल." वाचलं. तुम्हीही वाचा.

पासपोर्टच्या फोटोचे नियम अमेरिकेचे: दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, चेहरा समोर आणि चौकटीत दुसऱ्या कोणाचा हातसुद्धा नको. महिन्याच्या बाळाला मानेला आधार न देता कसं धरणार? शेवटी पांढरी चादर घडी न पडू देता गादीवर अंथरली, बाळाला त्यावर उताणं निजवलं आणि फोटोग्राफरने स्टुलावर उभं राहून वरून फोटो काढला. त्याआधी आईने लावलेलं काजळ आणि गालावरची तीट कापसाने पुसावी लागली. आईच्या जिवावर आलं. फोटो काढून होताच तिने आधी तीट लावली, मग बाळाला उचललं.

अमेरिकेच्या वकिलातीतलं काम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होतं. तिथे बाळाच्या जन्माची नोंद अमेरिकन नागरिक म्हणून करून घेतात आणि सोबतच पासपोर्टचा अर्ज घेतात. बाळ आणि आई-वडील असे तिघंही लागतात. त्यामुळे मेहुण्यांनी आपली रजा बाळंतपणाला न घालवता या मुलाखतीसाठी राखली आणि बारसं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. वडील नागरिक आहेत एवढं पुरत नाही, ते तिथे खरोखर राहिले होते हे दाखवावं लागतं. त्यांनी शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिका, नोकरीचे आणि कराचे कागद आणले होते. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तो हाती आला की भारतीय बाजूचं काम सुरू होतं.

हे काम गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या इमिग्रेशन ब्यूरोचं. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या त्यांच्या कार्यालयांना सगळे एफआरआरओ म्हणतात. पूर्वी या कामासाठी तिथे रांगेत उभं राहावं लागायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूरु इथे ई-एफआरआरओ ही ऑनलाइन सोय सुरू झाली आणि त्याच वर्षी ती देशभर लागू झाली. आता अर्ज घरून करायचा, पत्त्यावरून तो संबंधित कार्यालयाकडे जातो, शंका-समाधान ऑनलाइन होतं आणि परवानगी ईमेलने येते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. परदेशी नागरिकाचं येणं, राहणं आणि जाणं सरकारच्या नोंदीत असलं पाहिजे, हे तत्त्व मात्र तसंच आहे.

खातं उघडायचं ते बाळाच्या नावाने. ईमेल आणि फोन आई-वडिलांचा. बाळाचा पासपोर्ट, जन्मदाखला, फोटो, आई-वडिलांचे पासपोर्ट, वडिलांचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, विवाहाचा दाखला, राहत्या घराचा पुरावा आणि परवानगी का हवी हे सांगणारं विनंतीपत्र, इतकी तयारी आम्ही आधीच केली होती. प्रत्येक कागद सरळ स्कॅन केलेला, चारही कडा दिसणारा, अक्षर वाचता येणारं. मोबाइलवर घाईने काढलेला सावली पडलेला फोटो जोडला, की तोच कागद पुन्हा मागतात आणि मधले दिवस फुकट जातात. भारतात आल्याची तारीख आणि व्हिसाचा तपशील विचारणारे प्रश्न या बाळांना लागू पडत नाहीत. जन्म भारतातला आहे हे दाखवणारा पर्याय आणि जन्मदाखला हाच तिथे आधार.

आमच्या अर्जावर शंका आली ती घराविषयी. वीजबिल माझ्या वडिलांच्या नावावर, बाळाचं आडनाव वेगळं, आणि आईचं नाव तिच्या पासपोर्टप्रमाणे. वडिलांनी साध्या कागदावर लिहून दिलं, की ही माझी मुलगी, ही माझी नात आणि दोघी माझ्याकडे राहतात. सोबत स्वतःच्या आधार कार्डाची प्रत जोडली. आई-वडील दोघांच्या सहीचं एक पत्रही द्यावं लागलं: मुलीचा भारतीय पासपोर्ट काढलेला नाही आणि तिने आईबरोबर परदेशी जायला दोघांची संमती आहे. दुसरी मागणी मला अगदी रास्त वाटली. पालकांपैकी एकजण दुसऱ्याच्या नकळत मूल देशाबाहेर घेऊन जातो अशी भांडणं कोर्टात पोचतात. सही मागणारा अधिकारी त्या मुलाची बाजू सांभाळत असतो.

परवानगी आली ती एका पानाची. त्यावर बाळाचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि कोणत्या तारखेपर्यंत देश सोडायचा हे लिहिलेलं असतं. ही तीन ठिकाणं पासपोर्ट शेजारी ठेवून तपासायची. तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवरचं तिकीट मिळतं, पण पासपोर्ट आणि परवानगी त्यालाही पूर्ण प्रवाशासारखीच लागते आणि ती आधी विमान कंपनीच्या काउंटरवरच पाहतात. छापील प्रती दोन ठेवाव्यात. बहिणीने नंतर फोनवर सांगितलं, की इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने पासपोर्टची कोरी पानं उलटली, मग परवानगीवरचा क्रमांक पासपोर्टशी बोट ठेवून जुळवला आणि शिक्का मारला. प्रश्न एकच विचारला: "बाळाचे वडील कुठे आहेत?" संमतीपत्र तयार होतं.

हा विषय माहेरवाशिणींपुरता नाही. मूल भारतीय पासपोर्टवर सुटीला नागपूरला आलेलं असतं आणि इथे असतानाच त्याचा परदेशी पासपोर्ट तयार होतो. मग आल्याचा शिक्का एका पासपोर्टवर आणि जायचं दुसऱ्यावर. तिथे जुना पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घेणं आणि एफआरआरओची परवानगी, दोन्हींचा हिशेब आधी करावा लागतो. गोव्यात अनेक कुटुंबांनी १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीतल्या आजी-आजोबांच्या आधारे जन्माची नोंद लिस्बनला करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतले. त्यांच्या मुलांनाही याच वाटेने जावं लागतं. जमत असेल तर पासपोर्टचा बदल परदेशात असतानाच पूर्ण करावा आणि व्हिसा किंवा ओसीआय घेऊनच भारतात यावं. आई किंवा वडील भारतीय नागरिक असतील, तर अल्पवयीन मूल ओसीआयला पात्र असतं. त्या कार्डावर आयुष्यभर भारतात येता-जाता येतं. मतदानाचा हक्क आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभा मात्र त्यात नाही.

आई-वडील इथे आपल्या बाळाच्या वतीने नागरिकत्वाचा फार मोठा निर्णय घेत असतात, आणि तो फोटो, स्पेलिंग आणि वीजबिल यांच्या गडबडीत उरकून जातो. माझं पालकांना सांगणं आहे, की हे सगळे कागद, मुलाचा मूळ जन्मदाखला आणि परवानगीची प्रत जपून ठेवा. आपण कुठे जन्मलो आणि कोणाच्या सहीने बाहेर गेलो, हे त्या मुलाला मोठेपणी दाखवता आलं पाहिजे.

आणि एक मागणी प्रसूतिगृहांना आणि महापालिकांना. पुणे-मुंबईत परदेशातून बाळंतपणाला येणाऱ्या मुली कमी नाहीत. नाव पासपोर्टप्रमाणे लिहा, इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवा आणि परदेशी पासपोर्ट घेणार असाल तर एक्झिट परमिटसाठी वेळ राखून ठेवा, एवढ्या तीन ओळींची मराठी सूचना नोंदणीच्या टेबलावर लावायला खर्च येत नाही. ती लावा.