पत्ता न मिळालेला फोन बहुधा बिघडलेला नसतो

छत्रपती संभाजीनगरातल्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा पट्ट्यात जुन्या ईपीएबीएक्सची जागा आयपी फोन घेत आहेत. यंत्र बदलले तरी दुरुस्तीची सवय जुनीच राहते. पडद्यावर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असे दिसून फोन तिथेच अडकला, की आधी फोन बदलायचा आणि नाही जमले तर वायर बदलायची. ईपीएबीएक्सच्या काळात हे बरोबर होते. तिथे एक्सचेंजच्या कार्डापासून टेबलापर्यंत आलेली तांब्याची जोडी म्हणजेच एक्स्टेन्शन. तिला कुठलेही यंत्र लावा, नंबर तोच. आयपी फोनच्या वायरला असा कुठलाही नंबर चिकटलेला नसतो. सुरू झाल्यावर फोनला पत्ता मागून घ्यावा लागतो. ही मागणी डीएचसीपीच्या नियमांनी होते. त्यांचा आजही चालणारा मसुदा १९९७चा आहे. त्यात चार निरोप असतात: फोन सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, फोन तो रीतसर मागतो, सर्व्हर मंजुरी देतो. चारपैकी दोनच निरोप फोनच्या हातात आहेत. म्हणून पत्ता मिळाला नाही याचा बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की हाक सर्व्हरपर्यंत गेली नाही किंवा उत्तर परत आले नाही. काही फोन अशा वेळी १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. तो पाहून ‘पत्ता तर आलाय’ असे म्हणू नये. सर्व्हरने उत्तर दिले नाही, याची ती कबुली आहे.

‘पडदा उजळला, म्हणजे वायर ठीक’ हाही असाच एक समज. नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देण्याचे पहिले मानक २००३मध्ये आले. त्यानुसार वीज ४-५ आणि ७-८ या जोड्यांतून देता येते, तर शंभर मेगाबिटची माहिती १-२ आणि ३-६ या जोड्यांतून जाते. तेव्हा क्रिंपिंग कच्चे असेल तर फोनला वीज मिळून माहिती अडू शकते. पडद्यापेक्षा स्विचच्या त्या पोर्टचा लिंक दिवा पाहावा.

सर्वांत जास्त वेळ खाणारा गैरसमज मात्र लॅपटॉपचा आहे. फोन काढून त्याच वायरीला लॅपटॉप लावला, इंटरनेट चालले, म्हणून नेटवर्क निर्दोष आणि फोन दोषी! चाचणी पटण्यासारखी वाटते, पण ती दुसऱ्याच नेटवर्कची होते. बऱ्याच कार्यालयांत एकाच पोर्टवर दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीवर वेगळी ठेवलेली दोन नेटवर्के, असतात, एक संगणकांसाठी, दुसरे आवाजासाठी. लॅपटॉप आपल्या माहितीवर कुठलीही खूण लावत नाही, त्यामुळे तो संगणकांच्या व्हीलॅनमध्ये जातो आणि तिथला पत्ता घेतो. फोन मात्र स्विचकडून आवाजाच्या व्हीलॅनचा क्रमांक समजून घेतो आणि त्याची खूण लावून हाक देतो. हे व्हीलॅन मजल्यावरच्या स्विचपासून मुख्य स्विचपर्यंतच्या ट्रंकवर घालायचे राहून गेले असेल, तर लॅपटॉप धावेल आणि फोन उपाशी राहील. शिवाय अशी हाक राउटरपलीकडे आपोआप जात नाही. डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असेल तर ती पुढे पोहोचवणारी रिले सेटिंग लागते, आणि ती प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र असते. खरी चाचणी करायची तर ते पोर्ट थोडा वेळ आवाजाच्या व्हीलॅनमध्ये टाकून मग लॅपटॉप लावावा.

यावर कोणी म्हणेल, ‘पण आम्ही फोन बदलला आणि चालू झाला की!’ होतो, पण त्याची कारणे वेगळी असू शकतात. जुन्या फोनमध्ये आधीच्या जागेचा व्हीलॅन क्रमांक हाताने भरलेला असतो. नवा कोरा असतो. किंवा दरम्यान एखादा पत्ता मोकळा होतो. साध्या २४ बिटांच्या नेटवर्कमध्ये यंत्रांना देण्याजोगे २५४ पत्ते असतात, आणि विंडोज सर्व्हरवर पत्त्याची मूळ मुदत आठ दिवसांची असते. तीन पाळ्यांच्या कारखान्यात कामगारांचे मोबाइल त्याच नेटवर्कच्या वाय-फायवर आले, तर घरी गेलेल्या मोबाइलचेही पत्ते अडकून राहतात. मे-जूनच्या वादळी पावसात वीज जाऊन आली, की आणखी एक भानगड होते: स्विच आणि फोन आधी उठतात, सर्व्हर मागून, आणि फोन बदलेपर्यंत तो उठलेला असतो. फोन खरोखर खराब होतच नाहीत असे नाही. पण ते ठरवायला शेजारच्या टेबलावरच्या चालू फोनचे पोर्ट पुरते. तिथेही पत्ता मिळाला नाही, तरच फोनकडे संशयाने पाहावे, आणि आधी त्याची सेटिंग्ज पुसून.

‘हाताने पत्ता भरा, विषय संपला’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो सर्वांत महागात पडतो. लॉजच्या वहीत नोंद न करता खोली बळकावण्यासारखे हे आहे. व्यवस्थापक तीच खोली दुसऱ्याला देऊ शकतो. मग दोन यंत्रे एका पत्त्यावर भांडतात आणि बिघाड अधूनमधून दिसू लागतो. शिवाय फोनला स्वतःची सेटिंग्ज कोणत्या सर्व्हरवरून आणायची, हेही अनेकदा डीएचसीपीच सांगतो. हाताने पत्ता भरला की ती माहितीही हाताने भरणे आले. पत्ता कायम हवाच असेल तर सर्व्हरवर फोनच्या मॅक क्रमांकाने तो राखून ठेवावा. हाताने पत्ता भरणे चाचणीपुरते मात्र उपयोगी आहे: तसे करून गेटवेपर्यंत पोहोचता आले, तर वाट चांगली आहे आणि दोष डीएचसीपीकडे आहे.

‘इंटरनेट बंद आहे म्हणून पत्ता नाही’ हेही सहसा चुकीचे. पत्ता इमारतीतल्याच सर्व्हरकडून किंवा राउटरकडून येत असेल, तर बाहेरची लाइन तुटली तरी तो मिळतो. क्लाउडवरचे एक्सचेंज असल्यास फोन रजिस्टर होणार नाही, पण ती तक्रार वेगळी. अपवाद शाखा कार्यालयांचा. पत्ते पुण्या-मुंबईच्या मुख्यालयातून वाटले जात असतील, तर लाइन तुटल्यावर नव्याने सुरू झालेला फोन अडकतोच.

म्हणून आयटीवाल्यांना ‘फोन बंद आहे’ एवढेच कळवू नका. पडद्यावरचा पत्ता आणि व्हीलॅन क्रमांक, फोनच्या पाठीवरचा मॅक क्रमांक, भिंतीवरच्या पोर्टचा नंबर आणि शेजारचा फोन चालतो की नाही, एवढे लिहून पाठवा.