सोळाव्या वर्षाचा करार

दरवर्षी १५ जानेवारीचा दिवस उजाडला, की कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात अनेक घरांत लगबग सुरू होते. सोळा वर्षांचा मुलगा अमेरिकेतील एखाद्या बेसबॉल क्लबाची टोपी डोक्यावर चढवून करारपत्रावर सही करतो. आईवडील, भावंडे आणि शेजारी त्याच्याभोवती उभे राहून छायाचित्र काढून घेतात. परदेशी मुलांशी करार करण्याचा वार्षिक हंगाम त्या दिवशी सुरू होतो. पूर्वी तो २ जुलैला सुरू होत असे. २०२१ पासून तारीख बदलली, परंतु प्रसंगाचे स्वरूप तेच राहिले. एका बाजूला कोट्यवधी डॉलरांची उलाढाल करणारी संस्था आणि दुसऱ्या बाजूला मिसरूडही न फुटलेला मुलगा, असा हा व्यवहार आहे. त्यात क्लबाला काय मिळते, मुलाला काय मिळते आणि जोखीम नेमकी कोणाच्या पदरात पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

खुद्द अमेरिकेतील, कॅनडातील किंवा पोर्तो रिकोतील होतकरू खेळाडूला कोणताही क्लब आपल्या मर्जीने उचलू शकत नाही. १९६५ साली तेथे वार्षिक निवडीची पद्धत सुरू झाली. तीत सर्व क्लब ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि माध्यमिक शिक्षण पुरे झाल्याखेरीज सामान्यतः मुलाची निवड होत नाही. डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला इत्यादी देशांतील मुलांना मात्र ही पद्धत लागू नाही. त्यांच्याशी कोणताही क्लब सोळाव्या वर्षी थेट करार करू शकतो. एकाच खेळासाठी असे दोन न्याय का, ह्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९२० नंतरच्या दशकात सेंट लुई कार्डिनल्स ह्या क्लबाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी ह्यांनी एक नवी व्यवस्था उभी केली. तयार खेळाडू भारी किमतीला विकत घेण्यापेक्षा लहान गावांतील दुय्यम संघ आपल्या ताब्यात ठेवावेत, त्यांत पुष्कळ मुले वाढवावीत आणि त्यांतून निवडक खेळाडू वरच्या संघात आणावेत, अशी ती कल्पना होती. अमेरिकन लोक ह्या व्यवस्थेला ‘मळा’ म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. बी भरपूर पेरायचे, रोपे विरळ करायची आणि जोमदार तेवढी राखायची, हेच तिचे तत्त्व. पुढे ह्याच रिकी ह्यांनी ब्रुकलिन डॉजर्स क्लबात जॅकी रॉबिन्सन ह्यांना आणले, आणि १९४७ साली वर्णभेदाची भिंत कोसळली. तोपर्यंत कॅरिबियन बेटांतील कृष्णवर्णीय खेळाडूंना अव्वल संघांची दारे बंदच होती. १९५६ साली ऑझी व्हर्जिल हे डोमिनिकन भूमीत जन्मलेले पहिले खेळाडू त्या दारातून आत गेले.

त्या काळी परदेशी खेळाडू मिळण्याचे मोठे ठिकाण म्हणजे क्युबा. १९६१ साली अमेरिका आणि क्युबा ह्यांचे राजनैतिक संबंध तुटले आणि ती वाट बंद झाली. मग क्लबांच्या पारख्यांची नजर शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाकडे वळली. तेथे बेसबॉल आधीच रुजला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्युबातून स्थलांतर केलेल्या लोकांनी तो खेळ आणला होता. सान पेद्रो दे माकोरीससारख्या साखर कारखान्यांच्या गावांत तर उसाच्या फडांतील मजुरांची मुले लाकडाचा दांडका घेऊन खेळतच लहानाची मोठी होत. गुणवत्ता विपुल होती, घरी दारिद्र्य होते, आणि किंमत नाममात्र होती. पुढे षट्कारांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या सॅमी सोसा ह्याच गावच्या मुलाशी टेक्सास रेंजर्स ह्या क्लबाने १९८५ साली करार केला, तो अवघ्या ३,५०० डॉलरांना.

परंतु मुलगा हेरला म्हणजे खेळाडू तयार झाला असे होत नाही. पोटभर अन्न, व्यायाम, इंग्रजी भाषेची ओळख आणि घरापासून दूर राहण्याची सवय ह्या गोष्टी नसतील, तर उत्तम मुलगाही अमेरिकेत जाऊन कोमेजतो. हे ओळखून १९७० नंतरच्या दशकात टोरोंटो ब्लू जेज क्लबासाठी एपी गेरेरो ह्यांनी डोमिनिकन भूमीवर प्रशिक्षणाचे केंद्र चालवले. १९८७ साली लॉस एंजेलिस डॉजर्स क्लबाने राजधानी सांतो दोमिंगोच्या बाहेर ‘काम्पो लास पाल्मास’ नावाची अकादमी उघडली. तिचे शिल्पकार राल्फ आविला हे मूळचे क्युबाचे होते. मैदाने, राहण्याच्या खोल्या, भोजनगृह आणि वर्ग अशी सगळी सोय तेथे एका ठिकाणी झाली. तेथूनच पेद्रो मार्तिनेस हे असामान्य पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, पुढे आले. २०१५ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला. मात्र डॉजर्स क्लबाने स्वतःच्या मळ्यातील हे पीक १९९३ मध्येच माँट्रियलच्या क्लबाला देऊन टाकले होते!

डॉजर्स क्लबाचा कित्ता इतरांनी गिरवला. आता तिसांपैकी प्रत्येक क्लबाची डोमिनिकन प्रजासत्ताकात अकादमी आहे. करार झालेली मुले प्रथम तेथे राहतात आणि उन्हाळी स्पर्धेत खेळतात. १९८५ पासून चालत आलेल्या ह्या स्पर्धेत क्लबांचे मिळून चाळिसांहून अधिक संघ असतात. त्यांतून जी मुले चमकतात ती अमेरिकेतील दुय्यम संघांत जातात, आणि पायरीपायरीने फार थोडी शिखर गाठतात. तरीही ह्या छोट्या देशाचे यश थक्क करणारे आहे. २०२४ च्या हंगामाच्या आरंभी अव्वल संघांत १०८ खेळाडू डोमिनिकन भूमीत जन्मलेले होते.

आता ह्या गुंतवणुकीचे गणित पाहू. परदेशी मुलांना करारावर सही करताना जो एकरकमी बोनस द्यायचा, त्यासाठी प्रत्येक क्लबाला वर्षाची मर्यादा घालून दिलेली आहे. २०२५ साली ती क्लबागणिक सुमारे ५१ लाख ते ७५ लाख डॉलर होती. दहा हजार डॉलरांपर्यंतचे बोनस ह्या मर्यादेत धरले जात नाहीत. म्हणून लहान रकमांचे करार हवे तितके करता येतात. अव्वल संघात पोहोचलेला खेळाडू सहा हंगाम पुरे होईपर्यंत सामान्यतः त्याच क्लबाच्या हक्कात राहतो. आरंभीच्या वर्षांत त्याला किमान वेतनाच्या आसपासच वेतन मिळते. क्लबाला वाटल्यास तो त्याला दुसऱ्या क्लबाला देऊन मोबदल्यात इतर खेळाडूही घेऊ शकतो. वॉशिंग्टन नॅशनल्स क्लबाने २०१५ साली हुआन सोतो ह्या मुलाला १५ लाख डॉलर बोनस दिला. २०१८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो अव्वल संघात आला. २०१९ मध्ये क्लबाने जागतिक अजिंक्यपद मिळवले. आणि २०२२ मध्ये त्याला सॅन डिएगोला देऊन क्लबाने अनेक तरुण खेळाडू पदरात पाडून घेतले. खुल्या बाजारात आल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, ह्याच खेळाडूशी न्यूयॉर्क मेट्स क्लबाने १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला. सोळाव्या वर्षीची किंमत आणि सव्विसाव्या वर्षीची किंमत ह्यांतील अंतर म्हणजेच क्लबांना दिसणारा नफा.

असे असले तरी कोणता मुलगा सोतो होणार हे आधी सांगणे जवळजवळ अशक्य असते. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण ह्या मैदानावर फारशी खरी ठरत नाही. व्हेनेझुएलातील होसे आल्तुवे ह्याला बुटका म्हणून ह्यूस्टन क्लबाच्या चाचणी शिबिरातून प्रथम परत पाठवण्यात आले होते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि २००७ साली १५,००० डॉलरांना करारबद्ध झाला. २०१७ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट सॅन डिएगो पाद्रेस क्लबाने २०१६–१७ च्या हंगामात मर्यादा ओलांडून, दंडासह सुमारे ८ कोटी डॉलर परदेशी मुलांवर ओतले. त्यांतील सर्वांत महाग खेळाडू, क्युबाचा आद्रियान मोरेहोन, ह्याला १ कोटी १० लाख डॉलर मिळाले. त्याचे नाव २०२५ मध्ये निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यापर्यंत पोहोचले. ७० लाख डॉलरांचा होर्हे ओन्या मात्र २०२० मध्ये मोजकेच सामने खेळून दिसेनासा झाला.

म्हणून क्लब एका मुलावर विसंबत नाहीत. ते पुष्कळ मुले घेतात. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली! पन्नास मुलांतून एक सोतो निघाला, तरी उरलेल्या एकोणपन्नासांचा खर्च भरून निघतो. संस्थेच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. परंतु त्या एकोणपन्नासांपैकी प्रत्येकाच्या दृष्टीने डाव एकच होता, आणि तो हरला आहे. जी जोखीम क्लबाच्या वहीत पन्नास ठिकाणी विभागली जाते, ती मुलाच्या आयुष्यात एकवटलेली असते. ह्या सगळ्या व्यवहाराची खरी गाठ येथे आहे.

ही गाठ कराराच्या दिवसापूर्वीच बसू लागते. खेडोपाडी ‘बुस्कोन’ म्हणून ओळखले जाणारे खासगी प्रशिक्षक बारा-तेरा वर्षांची मुले हेरतात, त्यांना आपल्याकडे ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात, दिवसभर सराव करवून घेतात आणि पुढे बोनसमधून साधारण तीस टक्के वा त्याहूनही अधिक वाटा घेतात. त्यांच्यावाचून पुष्कळ मुलांना जेवणही मिळाले नसते, हेही खरे आहे. परंतु ह्या दिनक्रमात शाळेला जागा राहत नाही. क्लबही चौदाव्या-पंधराव्या वर्षीच तोंडी बोली करून टाकतात, आणि अशी बोली कोणालाच बांधत नाही. जानेवारी २०२५ मध्ये डॉजर्स क्लबाने जपानचा पिचर रोकी सासाकी ह्याला ६५ लाख डॉलर देऊन घेतले. नियमाप्रमाणे ती रक्कम मुलांसाठीच्या मर्यादेतूनच द्यावी लागली, आणि त्या क्लबाशी तोंडी ठरलेल्या काही मुलांना दुसरे दार शोधावे लागले.

वय कमी असेल तर किंमत जास्त, हे कळल्यावर खोटी वये दाखवण्याचे प्रकारही झाले. २००१ नंतर अमेरिकेने प्रवेशपत्रांची तपासणी कडक केली, तेव्हा अनेक खेळाडू सांगितल्यापेक्षा वयाने मोठे निघाले. ह्याच्या उलट, डॉजर्स क्लबाने आद्रियान बेल्त्रे ह्याच्याशी १९९४ साली, तो पंधरा वर्षांचा असतानाच, २३,००० डॉलरांना करार केला होता. हे उघड झाल्यावर १९९९ मध्ये क्लबाला दंड झाला आणि डोमिनिकन भूमीवरील त्याचे काम एक वर्ष बंद ठेवण्यात आले. मुलगा मात्र त्याच क्लबाकडे राहिला. २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज क्लबाने मर्यादा चुकवून केलेले करार उघडकीस आले. त्याने १३ तरुण खेळाडू गमावले आणि त्याच्या महाव्यवस्थापकावर आजन्म बंदी आली. ती २०२३ मध्ये उठवण्यात आली.

ह्या विस्तीर्ण जाळ्याचे एक टोक भारतापर्यंतही आले होते. २००८ साली चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले, आणि पिट्सबर्ग पायरेट्स क्लबाने त्यांच्याशी करार केले. दोघांनीही पूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. दोघेही अव्वल संघापर्यंत पोहोचले नाहीत. पण त्या शोधामागेही पुष्कळांतून एक मिळवण्याचीच आशा होती.

उपाय काय? परदेशी मुलांनाही वार्षिक निवडीची पद्धत लागू करावी, असा क्लबांचा प्रस्ताव होता. त्यामुळे तोंडी बोली आणि दलाली थांबेल, असे त्यांचे म्हणणे. मुलांना भाव करण्याचा हक्क उरणार नाही आणि मोबदला पुरेसा मिळणार नाही, असे खेळाडूंच्या संघटनेचे म्हणणे. जुलै २०२२ मध्ये ही बोलणी फिसकटली. २०२३ मध्ये अमेरिकेतील दुय्यम संघांच्या खेळाडूंना पहिला सामुदायिक करार मिळून त्यांची वेतने वाढली. डोमिनिकन अकादम्यांतील मुले मात्र त्या कराराच्या कक्षेबाहेर राहिली.

निवडीची पद्धत कोणतीही असो, बहुसंख्य मुले विशीच्या आसपास घरी परत येणार, हे बदलणार नाही. म्हणून त्यांच्याजवळ काय उरते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पायरेट्स क्लबाने २००९ मध्ये एल तोरो येथे नवी अकादमी उघडली आणि खेळाबरोबर माध्यमिक शिक्षण पुरे करण्याची सोय तीत ठेवली. अशा वर्गाला येणारा खर्च एका मध्यम प्रतीच्या करारापेक्षाही फारसा जड नाही. ज्याचा हात अव्वल संघापर्यंत पोहोचला नाही, त्याच्या हातात निदान शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र असावे, एवढी तरतूद क्लबाने करारातच केली पाहिजे. सोळाव्या वर्षी मुलाला शाळेच्या बाकावरून मैदानावर नेणाऱ्याने त्याच्या परतीच्या वाटेचाही विचार करणे, हा उपकार नव्हे. तो त्या व्यवहाराचाच भाग आहे.