रेघ कोणी ओढली?

आभासी वास्तवाचे हेडसेट आता काही शाळांमधूनही दिसू लागले आहेत. डोळ्यांवर चढवायची ही पेटी महाग असते, नाजूक असते आणि बहुधा शाळेत एकच असते. त्यामुळे ती अचानक बिघडली की वर्गात एकदम शांतता पसरते आणि सगळ्यांच्या नजरा एकाच विद्यार्थ्याकडे वळतात. पेटी त्या क्षणी ज्याच्या डोक्यावर असेल त्याच्याकडे!

आमच्यासमोर घडलेला असाच एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी आम्ही प्रयोगशाळेतील हेडसेट घेऊन गेलो होतो. हृदयाचे कप्पे आतून कसे दिसतात, हे आठवीच्या मुलांना दाखवायचे होते. मधल्या सुट्टीआधी पाच-सहा मुलांनी ते पाहिले, कोणाचीच तक्रार नव्हती. सुट्टीनंतर पहिल्याच मुलीने हेडसेट घातला आणि म्हणाली, "सर, मधेच एक काळी रेघ दिसतेय." आम्ही पाहिले. खरोखरच एक आखूड, जाडसर, काळपट रेघ होती. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, रेघ तशीच. "काय दाबलंस गं? पाडलंस का?" असा प्रश्न लगेच कोणीतरी विचारला. खरे सांगायचे तर आमच्याही मनात तोच होता. मुलगी रडवेली झाली.

तिला खाली बसवून आम्ही एवढेच विचारले, "रेघ कशी दिसली, ते नीट सांग." ती म्हणाली, "मान वळवली की ती पण बरोबर येते. आणि ती डोळ्याजवळ नाही, खूप लांब आहे. सगळ्याच्या मागे." या दोन वाक्यांत जवळजवळ सगळा उलगडा होता. तो समजण्यासाठी हेडसेटच्या आत डोकवावे लागेल.

हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर एक बहिर्गोल भिंग असते आणि त्यामागे छोटा पडदा. पडदा डोळ्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर असतो. इतक्या जवळचे आपल्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणून पडदा भिंगाच्या नाभीय अंतराच्या किंचित आत ठेवतात. समजा, नाभीय अंतर ४ सेंमी आहे आणि पडदा ३.९२ सेंमीवर आहे. भिंगाचे सूत्र वापरून पाहा, आभासी प्रतिमा सुमारे १९६ सेंमीवर मिळते. म्हणजे पडदा नाकाशी असूनही डोळ्याला तो दोन मीटर दूर असल्यासारखा वाटतो. दहावीच्या पुस्तकातील साध्या सूक्ष्मदर्शकाचीच ही रचना आहे. मान वळली की आतील संवेदक ते टिपतात आणि चित्र त्यानुसार बदलते, म्हणून दृश्य जागच्या जागी स्थिर भासते.

आता मुलीचे म्हणणे तपासू. रेघ मानेबरोबर फिरते, म्हणजे ती हृदयाच्या चित्रातील नाही, यंत्रातच आहे. ती भिंगावरचा ओरखडा असेल का? ओरखडा डोळ्याच्या अगदी जवळ असल्याने पुसट डागासारखा दिसला असता. ही रेघ त्यामानाने स्पष्ट, म्हणजे ती पडद्यावर आहे. मग आम्ही एकेक डोळा मिटून पाहिले. रेघ दोन्ही डोळ्यांना दिसत होती, त्याच जागी आणि त्याच कलाने. पेटी पडली असती किंवा कोणी दाबली असती तर दोन वेगळ्या ठिकाणी हुबेहूब सारखीच खूण उमटणे जवळजवळ अशक्य.

"खूप लांब" याचा अर्थही आता लागतो. दोन्ही डोळ्यांना एखादी वस्तू अगदी एकाच दिशेला दिसली तर दोन्ही दृष्टिरेषा समांतर होतात आणि मेंदू ती वस्तू फार दूर असल्याचे मानतो. तेव्हा दोन्ही भिंगांत एकाच दिशेने, समांतर किरणांनी येणारे असे काय असेल? उत्तर खिडकीत होते. सुट्टीला जाताना हेडसेट आम्हीच पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, भिंगे उन्हाकडे करून!

भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. येथे कागदाच्या जागी पडदा होता. स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट ऊर्जा मिळते. ४ सेंमी व्यासाच्या भिंगावर तिच्यापैकी सव्वा वॉट पडते. ही ऊर्जा मिलिमीटरभर रुंदीच्या ठिपक्यात गोळा झाली तर तिची तीव्रता हजार पटींहून अधिक वाढते. पडद्यातील ध्रुवीकरण करणारे पटल, रंगांची गाळणी किंवा प्रकाश देणारे सेंद्रिय थर एवढी उष्णता सोसू शकत नाहीत. यंत्र बंद असले तरी फरक पडत नाही.

पण मग डाग ठिपक्यासारखा का नाही, रेघ का? कारण सूर्य थांबत नाही. तो आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो आणि ठिपकाही पडद्यावर सरकत जातो. यात एक गंमत आहे. ज्या भिंगाने रेघ उमटवली त्याच भिंगातून आपण ती पाहतो. म्हणून सूर्य जितके अंश सरकला, तितक्याच अंशांची रेघ आपल्याला दिसते. आम्ही हेडसेटमध्ये दर पाच अंशांवर रेषा असलेली जाळी दाखवली. आपली रेघ एक घर ओलांडून थोडी पुढे गेली होती, साधारण सहा अंश. म्हणजे सुमारे २४ मिनिटे. सुट्टी अर्ध्या तासाची होती!

हवामान वेधशाळांत याच तत्त्वावर चालणारे एक जुने साधन असते. १८५३ मध्ये कॅम्पबेल यांनी तयार केलेल्या आणि १८७९ मध्ये स्टोक्स यांनी सुधारलेल्या या साधनात काचेचा गोळा सूर्यकिरण एकवटून खास कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटवतो. तिच्या लांबीवरून दिवसभरात किती तास ऊन होते ते कळते. आमच्या हेडसेटनेही आपली सूर्यनोंद ठेवली होती, आमच्याच निष्काळजीपणाची.

हे वर्गात करून पाहता येईल. २० सेंमी नाभीय अंतराचे भिंग घ्या. त्यावर एक सेंटिमीटर भोक पाडलेला पुठ्ठा लावा, म्हणजे कागद जळणार नाही. भिंग स्टँडला घट्ट बसवून सूर्याची प्रतिमा आलेख कागदावर घ्या आणि तिची जागा दर पाच मिनिटांनी पेन्सिलने नोंदवा. दहा मिनिटांत प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटर सरकेल. भिंगातून सूर्याकडे पाहायचे नाही, ही सूचना मात्र आधी द्या.

हेडसेट असलेल्या शाळांनी एवढे पाळावे : काम झाले की भिंगांवर झाकण किंवा जाड कापड घालून तो पेटीत ठेवावा. घाम वाळवण्यासाठी उन्हात ठेवू नये. अचानक बिघाड झाला तर प्रथम आवाज येतो का ते पाहावे. येत असल्यास विजेरी आणि मुख्य मंडल बहुधा ठीक असते. मग एकेक डोळा मिटून पाहावे. चित्र पूर्ण गेले असल्यास कपाळ ओळखणारा, भिंगांच्या मधला संवेदक मऊ कापडाने पुसावा. हेडसेट फुगलेला दिसला तर तो चार्ज करू नये आणि उघडूही नये. लिथियमची विजेरी पेट घेऊ शकते.

जळलेला पडदा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आम्ही त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली आणि रेघेचे गणित फळ्यावर तिच्याकडूनच करवून घेतले. यंत्र बिघडले की "काय केलंस?" असे आपण पटकन विचारतो. "काय दिसलं?" असे आधी विचारले असते, तर ती रडली नसती आणि आम्हालाही उत्तर लवकर सापडले असते.