समन्यायी वायफाय

औंध संस्थान एकसंध कधीच नव्हतं. नकाशावर ते तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. औंध गाव आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, तर संस्थानातलंच आटपाडी सांगली जिल्ह्यात. या दुष्काळी आटपाडीत १९९३ पासून पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारखी मंडळी त्यांत पुढे होती. मागणी समन्यायी वाटपाची : पाणी एकरांवर नव्हे, कुटुंबांवर मोजा, भूमिहीनालाही वाटा द्या. पाणी किती, याइतकाच ते कशावर मोजायचं, हाही भांडणाचा मुद्दा होता.

घरातल्या वायफायचं भांडण नेमकं इथंच येतं. संध्याकाळी सगळे घरी जमले की नेट रखडतं आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडली जातात. पुष्कळदा खोळंबा दाराबाहेर नसतोच.

साध्या राउटरवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. प्रत्येक जण हवा मोकळी आहे का ते ऐकतो, क्षणभर थांबतो आणि आपलं माहितीचं पॅकेट सोडतो. संधी सगळ्यांना सारखी. मेख आहे ती यातच.

औंधसारख्या गावात जुन्या घरांच्या दगडी भिंती चांगल्या हातभर जाड. राउटर सोप्यात, फोन माजघरापलीकडे. सिग्नल क्षीण झाला की फोन सावकाश बोलू लागतो. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. राउटरशेजारचा लॅपटॉप ५४ एमबीपीएसनं ते ०.२२ मिलिसेकंदात उरकतो. १ एमबीपीएसवर आलेल्या फोनला १२ मिलिसेकंद लागतात. आळीपाळीनं एकेक पॅकेट गेलं, तर लॅपटॉपच्या पदरातही जेमतेम १ एमबीपीएस पडतो! ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये ही विसंगती मांडली.

उपाय म्हणजे पॅकेट न मोजता वेळ मोजायचा. निम्मा वेळ लॅपटॉपला, निम्मा फोनला. वरकड खर्च सोडला तर लॅपटॉप २७ वर जातो, फोन अर्ध्यावर येतो. लिनक्सच्या वायफायमध्ये ही वाटणी २०१७ च्या सुमारास आली. आधीच मागे पडलेल्या फोनचा वाटा आणखी घटवणं न्याय्य का, असं कुणी विचारलं तर मी त्याला गप्प बसवणार नाही. कालव्यावर उलटा प्रकार असतो : तासांची पाळी सारखी, पण वाटेत पाणी मुरतं आणि टेलच्या शेतकऱ्याला तेवढ्याच तासांत कमी मिळतं. तिथं टंचाई पाण्याची, म्हणून घनमीटर मोजायचे. हवेत टंचाई वेळेचीच.

दुसरी अडचण भिंतीची नाही, रांगेची. कुणी लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. राउटर किंवा मोडेम पॅकेट टाकून द्यायला नाखूश असतो, साठवत राहतो. चढता वेग ५ एमबीपीएस आणि साठा १ मेगाबाइटचा असेल, तर रांगेतल्या शेवटच्या पॅकेटला १.६ सेकंद ताटकळावं लागतं. एवढ्या उशिरानं आलेलं ‘हॅलो’ काय कामाचं? जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं. मग कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रीत सुचवली : रांग किती लांब ते पाहू नका, पॅकेट किती वेळ उभं आहे ते पाहा. पाच मिलिसेकंदांहून अधिक थांबावं लागणं काही काळ चालूच राहिलं, की काही पॅकेटं मुद्दाम टाकून द्यायची. पाठवणारा त्यावरून समजतो आणि हात आखडता घेतो. पुढे ‘एफक्यू-कोडेल’मध्ये प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळाली, कॉलची चिमुकली पॅकेटं व्हिडिओच्या ढिगाऱ्यामागे अडकेनाशी झाली.

ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ही सोय ‘एसक्यूएम’ नावानं मिळते. तिथं वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवायची, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरात लागते. असा राउटर नसेल, तर क्लाउडचा बॅकअप रात्रीवर ढकलावा आणि राउटर कोपऱ्यातल्या कपाटावरून घराच्या मध्यावर आणावा. जागचा न हलणारा टीव्ही केबलनं जोडला, तर तो हवेतल्या पाळीतून कायमचाच बाद होतो.