कीडनाशकांच्या अवशेषांची मर्यादा कशी ठरते?

२०१० साली महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले आणि पुष्कळ माल नाकारला गेला. वेलीची फाजील वाढ आवरावी व घड चांगले सुटावेत म्हणून बागाईतदार छाटणीनंतर हे वाढनियंत्रक फवारत. ते त्याला 'सीसीसी' म्हणतात. (कायद्याच्या लेखी वाढनियंत्रकेही कीडनाशकांतच मोडतात.) युरोपात द्राक्षांसाठी त्याची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. गंमत अशी, की तेथे गव्हासाठी याच रसायनाची मर्यादा याच्या कितीतरी पट होती! मग द्राक्षातले क्लोरमेक्वाट गव्हातल्यापेक्षा जास्त विषारी असते काय?

अर्थातच नाही. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिला प्रश्न, शरीराला किती सोसेल? उंदीर, कुत्रे अशा प्राण्यांना दीर्घकाळ वेगवेगळ्या मात्रा देऊन, कोणताही अपाय न दिसणारी सर्वांत मोठी मात्रा शोधतात. समजा, ती शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम आली. तिला १०० ने भागायचे. माणूस प्राण्यापेक्षा नाजूक असू शकतो म्हणून १०, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी १०. लेहमन व फिट्झह्यू या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये सुचवलेला हा आकडा निसर्गनियम नव्हे, तो सावधगिरीचा संकेत आहे. उत्तर आले ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाने आयुष्यभर रोज १ मिलिग्रॅम घेतले तरी अपाय संभवत नाही. याला स्वीकार्य दैनिक सेवन म्हणतात.

दुसरा प्रश्न शेतातला आहे. औषध लेबलवर सांगितल्याप्रमाणेच वापरले, तर मालावर किती उरेल? यासाठी निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या घेतात. परवानगी असलेली जास्तीत जास्त मात्रा, तितक्याच फवारण्या, शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस थांबून काढणी. अवशेष ०.२ ते ०.७ मिलिग्रॅम आढळले, तर मर्यादा साधारण १ ठेवतात. मग सर्व खाद्यपदार्थांतून पोटात जाणारी बेरीज पहिल्या आकड्याशी ताडून पाहतात. बेरीज जास्त भरली तर त्या पिकावरील वापरालाच परवानगी मिळत नाही, किंवा थांबण्याचे दिवस वाढवावे लागतात.

आता कोडे सुटते. पीक लोळू नये म्हणून युरोपातील शेतकरी गव्हावर क्लोरमेक्वाट वापरतात, त्यामुळे तेथे मर्यादा वापरावरून ठरली. द्राक्षांवर वापरच मान्य नव्हता, म्हणून खात्रीने मोजता येईल अशा अगदी छोट्या आकड्यावर ती ठेवली गेली. २००८ पासून युरोपात ज्या पिकासाठी एखाद्या औषधाची मर्यादा ठरवलेलीच नाही, तेथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम लागू होते.

तेव्हा 'मर्यादेच्या पाचपट' असे वाचले, की आधी समजावे ते एवढेच, की फवारणीत काही चुकले आहे किंवा तो वापर तेथे मान्यच नाही. खाणाऱ्याला धोका किती, याचे गणित पुन्हा वेगळे मांडावे लागते. एक उणीव मात्र आम्हाला खटकते. मर्यादा एकेका रसायनाची असते. द्राक्षाच्या एकाच घडावर चार औषधांचे अवशेष असले आणि चारही आपापल्या मर्यादेत असले, तर तो घड नियमात बसतो. त्या चौघांचा एकत्रित परिणाम मोजण्याच्या पद्धती अजून घडत आहेत.