क्षयासारखा दिसणारा आजार : सार्कॉइडोसिस

कोरडा खोकला, चढ चढताना लागणारा दम, अंगातली कणकण, उतरत चाललेले वजन आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात गाठी. एवढे दिसले की आपल्याकडे प्रथम क्षयाची शंका येते. ती योग्यच आहे, कारण आपल्या देशात क्षयाचेच रुग्ण पुष्कळ अधिक आहेत. परंतु सार्कॉइडोसिस हा आजारही हुबेहूब याच रूपात येतो.

यात प्रतिकारशक्तीच्या पेशी एकवटून सूक्ष्म गाठी तयार करतात. फुप्फुसे व छातीतील लसिकाग्रंथी यांत त्या विशेष आढळतात. डोळे, त्वचा, हृदय हेही सुटत नाहीत. मूळ कारण अद्याप उलगडलेले नाही. मात्र हा आजार संसर्गजन्य नाही. अशा रुग्णाचे ताट-पेला निराळा ठेवण्याचे काहीच प्रयोजन नसते.

निदान एखाद्या रक्ततपासणीने होत नाही. दुर्बिणीतून गाठीचा नमुना काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. क्षयाच्या गाठीत मध्यभागी बहुधा मृत पेशींचा पनीरसारखा भाग असतो. सार्कॉइडोसिसमध्ये तो सहसा नसतो. त्याच नमुन्यात क्षयजंतूंचाही शोध घ्यावा लागतो. त्यासाठीची ट्रूनॅट चाचणी शेजारच्या गोव्यातच तयार होते.

वेंगुर्ल्याहून बांबोळी वा कोल्हापूरला जाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे नमुना तपासणी टाळण्याचा मोह होतो. तो महाग पडतो. सार्कॉइडोसिसच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत राहिल्यास महिने वाया जातात आणि तेवढ्यात दृष्टीलाही अपाय होऊ शकतो. उलटपक्षी, क्षय असताना केवळ स्टिरॉइड दिल्यास क्षय फैलावतो. देणगीतून एका गरजू रुग्णाच्या नमुना तपासणीचा खर्च भागला, तर हे दोन्ही धोके टळतात.

अनेकांचा आजार औषधाविना ओसरतो. तेथे नियमित तपासणी पुरते. फुप्फुसांचे कार्य घटत असल्यास, अथवा डोळे, हृदय वा मज्जासंस्था यांना बाधा झाल्यास, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कित्येक महिने, मात्रा हळूहळू उतरवत देतात. बरे वाटले म्हणून ते एकाएकी बंद करू नये. ते पुरेसे न पडल्यास मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत. तक्रार नसली तरी डोळ्यांची तपासणी व हृदयाचा आलेख करून घ्यावा. अशक्तपणावर म्हणून कॅल्शियम वा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र परस्पर घेऊ नयेत. या आजारात रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते आणि त्याचा त्रास मूत्रपिंडांना होतो.