दहा क्रमांकाची रिकामी जागा

5 डिसेंबर 2004. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला पणजीचा डेंपो स्पोर्ट्स क्लब, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहन बागान. डेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने एक गोल आधीच केला होता. 78 व्या मिनिटाला तो पुन्हा गोलाकडे झेपावला. चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली. तो कोसळला. सहकाऱ्यांनी त्याला शुद्धीवर आणायची धडपड केली, पण तो उठला नाही. वय पंचवीस. सामना डेंपोने 2-0 असा जिंकला आणि दोन्ही गोल त्याच्याच नावावर लागले.

यानंतर डेंपोने आपली 10 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. या एका कृतीचा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. मी परळी वैजनाथचा. आमच्याकडे खेळ म्हणजे आधी कुस्ती, मग क्रिकेट. फुटबॉलशी आमच्या गावाचे नाते चार वर्षांतून एकदा विश्वचषकापुरते. त्यामुळे या विषयाकडे मी बाहेरचा म्हणून बघतो. त्याचा एक फायदा आहे. फुटबॉलच्या माणसाला जे उघड वाटते, तिथे मला अडखळायला होते.

पहिले अडखळणे या क्रमांकापाशीच. आपल्याकडे गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची म्हणजे काहीतरी उभे करायचे: समाधी, पुतळा, कमान, निदान चौकाला नाव. पैलवान गेला तर त्याच्या स्मरणार्थ कुस्त्यांचा फड भरतो. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 2011 साली गेले, पण दिल्लीच्या सतपालला त्यांनी हरवले ती कुस्ती आमच्या भागातले जुने लोक आजही डावासकट सांगतात. म्हणजे आपली आठवण तीन खुंट्यांना बांधलेली असते: जागा, तिथी आणि गोष्ट. क्रमांक निवृत्त करण्यात यातले काहीच नाही. तिथे काही उभे राहत नाही, उलट काढून घेतले जाते. संघाच्या यादीत नऊनंतर अकरा येतो आणि नवख्याने 'दहा कुठे गेला' असे विचारले, की कोणीतरी ज्युनियरची गोष्ट सांगतो. विचारणारा भेटत राहील, तोवरच ही आठवण चालणार.

दहाच क्रमांक का, यालाही इतिहास आहे. पूर्वी जर्सीचे आकडे खेळाडूच्या जागेवरून ठरत. पेलेने दहा क्रमांक घातला आणि तो आकडा संघातल्या सर्वांत कल्पक खेळाडूचा झाला. पुढे मॅराडोनाने त्यावर आपला शिक्का मारला. नेपल्सच्या नापोली क्लबने 2000 साली मॅराडोनाची दहा क्रमांकाची जर्सी बाजूला ठेवली, तेव्हा तो जिवंत होता. 25 नोव्हेंबर 2020 ला तो गेल्यावर काही दिवसांतच तिथल्या स्टेडियमला त्याचे नाव मिळाले. मात्र मॅराडोना त्या शहरात सात वर्षे खेळला होता. ज्युनियर गोव्याकडून जेमतेम एका हंगामाचा काही भाग खेळला. त्याआधी तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये होता आणि 2003-04 ची राष्ट्रीय लीग त्या संघाने जिंकली, त्यात त्याच्या गोलांचा मोठा वाटा होता. मग इतक्या थोड्या सहवासात गोव्याला हे प्रेम कुठून सुचले?

मला वाटते, याचे उत्तर गोव्याच्या फुटबॉलच्या घडणीत आहे. डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स हे क्लब उद्योजक घराण्यांनी वाढवले, पण प्रेक्षक गावागावांतून आला. तिथे क्लब ही घरातली बाब आहे. गोव्याला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या बलाढ्य क्लबला हरवणे म्हणजे साधा विजय नव्हे. देशाच्या फुटबॉलची राजधानी कोणती, हा त्यामागचा जुना वाद आहे. तो विजय ज्याने मिळवून दिला, तो विजयाच्याच क्षणी गेला. त्याच हंगामात डेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीगही जिंकली. पुढच्या सात वर्षांत आणखी चार राष्ट्रीय विजेतेपदे आली. क्लबच्या सगळ्यात सुखाच्या काळाची सुरुवात एका मृत्यूने झाली आणि त्या काळातल्या प्रत्येक संघाच्या यादीत दहाच्या जागी मोकळी जागा होती.

दुसरे अडखळणे रागापाशी. अपघाती मृत्यू आपले मन सहजी स्वीकारत नाही. परळीने हे फार जवळून पाहिले आहे. 3 जून 2014 ला दिल्लीत मोटार अपघातात गोपीनाथ मुंडे गेले. दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्काराला जो जनसागर लोटला, त्याच्या दुःखात चौकशीची मागणीही मिसळलेली होती. आता दर 3 जूनला गोपीनाथगडावर लोक जमतात, आणि राग विरून आठवण उरायला किती वेळ लागतो, याची मला थोडी कल्पना आली आहे. ज्युनियरच्या बाबतीत तो राग एका मुलावर गेला. मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल तेव्हा अठराच्या आसपासचा होता. त्याला दोन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण हृदय बंद पडणे असे आले, तरी ती धडक चित्रफितीत पुन्हा पुन्हा दिसत राहिली. पुढे हाच सुब्रत भारताचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला. 2011 च्या आशियाई चषकात दोहाला त्याने केलेल्या बचावांचे जगभर कौतुक झाले, 2016 साली त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण त्याच्याविषयी लिहिताना बंगळूरचा तो दिवस सहसा सुटत नाही. चाहत्यांच्या स्मरणाची ही दुसरी बाजू: एकाची आठवण जपताना दुसऱ्याला त्याच क्षणात अडकवून ठेवले जाते. मला हे न्यायाचे वाटत नाही. धावत सुटलेल्या आघाडीवीरासमोर गोलरक्षक पुढे येणारच, ते त्याचे कामच आहे.

रागाला खरा पत्ता वेगळा होता. तो समजण्यासाठी थोडे वैद्यक पाहावे लागेल. धावता खेळाडू अचानक कोसळतो, तेव्हा बहुतेकदा हृदयाचा ठोका बिघडून ते नुसते थरथरत असते. कधी त्यामागे स्नायू जाड होण्याचा छुपा आजार असतो, कधी छातीवर नेमक्या क्षणी बसलेला जबर आघात. दोन्हींत उपाय एकच: लगेच छाती दाबत राहायची आणि विजेचा झटका देणारे यंत्र आणायचे. दर मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. 26 जून 2003 ला फ्रान्समध्ये ल्योंच्या मैदानावर कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए असाच कोसळला. जानेवारी 2004 मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाचा हंगेरियन खेळाडू मिक्लोश फेहेर गेला. त्याच वर्षाअखेर ज्युनियर. दीड वर्षातले तीन मृत्यू. पहिल्या दोघांनंतर जागतिक फुटबॉलमध्ये स्पर्धेपूर्वीच्या हृदयतपासणीला वेग आला, मैदानालगत यंत्र ठेवणे हळूहळू रूढ झाले. 12 जून 2021 ला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनमध्ये कोसळला तेव्हा काही मिनिटांत त्याला झटका देता आला. तो वाचला, पुन्हा खेळला, 2024 च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला.

आपल्याकडे? 21 मार्च 2012 ला पुन्हा बंगळूरमध्येच, स्थानिक लीगच्या सामन्यात डी. व्यंकटेश हा खेळाडू मैदानावर कोसळला. रुग्णवाहिका नव्हती. त्याला ऑटोरिक्षातून रुग्णालयात न्यावे लागले. तो वाचला नाही. ज्युनियरनंतर सव्वासात वर्षांनी, त्याच शहरात. जर्सी निवृत्त करायला एक ठराव पुरतो; मैदानावर यंत्र, ते चालवणारा माणूस आणि उभी रुग्णवाहिका ठेवायला दर सामन्याला पैसे लागतात. चाहत्यांनी पहिल्या गोष्टीचा आग्रह धरला, दुसऱ्या गोष्टीसाठी तितका आवाज उठला नाही, असे माझे मत आहे.

जर्सी निवृत्त करण्याचीही एकच रीत नाही. मँचेस्टर सिटीने फोएची 23 क्रमांकाची जर्सी कायमची बंद केली. त्या क्लबचा मेन रोड मैदानावरचा शेवटचा गोल फोएनेच केला होता, म्हणून तिथल्या लोकांना तो दुहेरी आठवतो. बेनफिकाने फेहेरचा 29 बंद केला. 2014 साली मिझोरममध्ये गोल साजरा करताना कोलांटी चुकून पीटर बियाक्सांगझुआला दगावला, तेव्हा त्याच्या क्लबने 21 क्रमांक बाजूला ठेवला. फ्रान्सच्या ल्यों क्लबने मात्र निराळे केले. फोएचा तिथला 17 क्रमांक काही वर्षे कोणाला दिला नाही आणि 2008 साली कॅमेरूनचाच जाँ माकून आला तेव्हा त्याच्या अंगावर तो चढवला. आपल्याकडे गेलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तसेच हे. मला स्वतःला ही रीत अधिक भावते, कारण तिच्यात आठवण पुन्हा मैदानावर धावू लागते.

डेंपोपुढे अडचण अशी, की ज्युनियरचा गाववाला, त्याच्याच देशाचा, त्याच्याच ताकदीचा दहा क्रमांकाचा खेळाडू गोव्याला मिळणार कुठून? क्लबही मधल्या काळात बदलला. 2016 साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय क्लबांनी नव्या लीगच्या धोरणाचा निषेध म्हणून आय-लीग सोडली. डेंपो परतला तो 2024-25 च्या हंगामात. आज त्याचे सामने बघायला येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचा जन्म 5 डिसेंबर 2004 नंतरचा आहे.